पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, गाड्यांशिवाय: नदी आणि कॅनॉलच्या काठाने सायकलवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही न्यू जर्सीत राहता, वय ४४, पाच-सहा वर्षांत सायकलला हात लागलेला नाही, गाड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवायची धास्ती वाटते, बायको आणि १४ वर्षांची मुलगी बरोबर येणार, घरात दोन हायब्रिड (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणाऱ्या सायकली) आणि एक जुनी रोड बाइक (अरुंद टायरची, डांबरी रस्त्याची) आहे, आणि कुणीतरी सांगितलं की पिट्सबर्गहून वॉशिंग्टनपर्यंत गाड्यांच्या रस्त्याला न लागता जाता येतं, तर ते पाच दिवसांत जमेल का. शेवटी जाता जाता पुण्याकडे असं काही आहे का हेही विचारलंय.

जाता येतं. पाच दिवसांत जाऊ नका. आणि ती रोड बाइक घरीच ठेवा. पण का ते सांगितलं नाही तर तुम्ही ऐकणार नाही, मीही पहिल्या वेळी कुणाचं ऐकलं नव्हतं.

मी मेरीलँडमध्ये राहते, हा अख्खा रस्ता चार वेळा केलाय, तीनदा पिट्सबर्गकडून आणि एकदा उलटा, आणि तुकड्यातुकड्यांनी किती वेळा ते मोजलेलं नाही. त्याआधीचा माझा सायकलचा अनुभव म्हणजे बारामतीच्या अलीकडे नीरा डाव्या कॅनॉलच्या भरावावरून शाळेत जायचे, वडिलांची २४ इंची सायकल, आधी मधल्या दांडीखालून पाय घालून आणि मग उंची वाढल्यावर सीटवर. त्यामुळे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडी असली की मला बरं वाटतं, हे आधीच कबूल करते, माझं मत थोडं कलतं आहेच.

हा एक रस्ता नाहीये, दोन आहेत, एकाला एक जोडलेले, आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. पिट्सबर्ग ते कंबरलंड १५० मैल म्हणजे ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज, सगळे गॅप म्हणतात. ही जुनी रेल्वेलाइन आहे, रूळ उखडून त्यावर बारीक कुटलेला चुनखडीचा दगड दाबून बसवलाय. पहिला छोटा तुकडा ओहायोपाइलजवळ १९८६ मध्ये सुरू झाला आणि पिट्सबर्गपर्यंत पूर्ण व्हायला २०१३ साल उजाडलं. कंबरलंडपासून पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल म्हणजे चेसापीक अँड ओहायो कॅनॉल, सी अँड ओ, आणि इथे तुम्ही चालवता ती टोपाथ म्हणजे कॅनॉलमधल्या बोटी दोरीने ओढणारी खेचरं ज्या वाटेने चालायची ती वाट. दोन्ही मिळून ३३५ मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण ५४० किलोमीटर. अधेमधे गाड्यांचे रस्ते ओलांडावे लागतात, गावात जेवायला-झोपायला जाताना थोडं रस्त्यावर यावं लागतं, बाकी गाडी नाही.

रेल्वे आणि कॅनॉल दोघांनाही चढ सोसत नाही म्हणून हे रस्ते सपाट आहेत, आणि इथेच लोक फसतात. सपाट आहे म्हणजे सोपं आहे असं डोक्यात बसतं. तुम्ही घाटात सायकल चालवता तेव्हा अर्धा तास दमता आणि मग दहा मिनिटं पायडल न मारता खाली येता, उभे राहता, मागेपुढे सरकता, हात मोकळे करता. टोपाथवर उतारच नाही. पायडल थांबवलं की सायकल थांबते, कारण खडी आणि माती चाकाला धरून ठेवते. सहा तास एकाच बैठकीत, एकाच गियरमध्ये, एकाच लयीत. तिसऱ्या दिवशी फुप्फुसं एकदम ठणठणीत असतात आणि बूड, तळहात आणि गुडघ्याची आतली बाजू बोलायला लागते. करंगळ्या बधिर होतात. माझ्या बघण्यात ज्यांनी हा रस्ता मधेच सोडला त्यातलं दमून सोडलेलं कुणीच नाही, सगळे बसवेना म्हणून सोडलेले.

म्हणून तयारी कसली करायची तर वेगाची करू नका, बसण्याची करा. निघायच्या आधी दोन महिने दर शनिवार-रविवार सलग तीन-चार तास सीटवर बसायचं, न्यू जर्सीत तुमच्याकडे डेलावेअर-रॅरिटन कॅनॉलची टोपाथ आहेच की, प्रिन्स्टनच्या आसपास, तीच घ्या सरावाला, हुबेहूब हाच पोत आहे. पॅडवाली चड्डी सगळ्यांना घ्या आणि ती आत दुसरं काही न घालता घालायची असते, हे मुलीला आईने सांगावं. दर अर्ध्या तासाला खाली उतरायचं, पाणी प्यायचं, दोन मिनिटं चालायचं. कंटाळा आला नसला तरी उतरायचं.

आता कॅनॉलचं. हा कॅनॉल ४ जुलै १८२८ ला सुरू झाला, राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी पहिलं फावडं मारलं, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी बाल्टिमोरला बी अँड ओ म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचीही सुरुवात झाली. दोघांना डोंगरापलीकडे ओहायो नदीकडे जायचं होतं. कॅनॉल कंबरलंडला पोचायला १८५० साल उजाडलं, रेल्वे तिथे आठ वर्षं आधीच पोचलेली, मग ओहायो नावातच राहिलं. तरी पुढे कंबरलंडकडचा कोळसा खाली वॉशिंग्टनकडे न्यायला तो १९२४ पर्यंत चालला. एका बोटीत १०० टनांहून जास्त कोळसा, नावाड्याचं अख्खं कुटुंब बोटीवरच, आणि खेचरांची पाळी दर सहा तासांनी बदलायची.

१८४ मैलांत सगळा मिळून चढ ६०५ फूट, म्हणजे १८४ मीटर, सिंहगडाला आपण याच्या कितीतरी पट चढतो. आणि तोही सलग नाही. ७४ लॉक आहेत, लॉक म्हणजे पाण्याचा जिना समजा, दोन दारांमधल्या खणात बोट घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि बोट साधारण आठ फूट वर किंवा खाली. दोन लॉकच्या मधे टोपाथ एकदम सपाट आणि लॉकपाशी छोटासा रॅम्प. पिट्सबर्गकडून आलात तर हा रॅम्प उताराचा मिळतो, अख्ख्या दिवसात फुकटची मजा तेवढीच.

बहुतेक लॉकपाशी लॉककीपरचं दगडी किंवा पांढरं घर असायचं, त्यातली बरीच अजून उभी आहेत आणि काही घरं कॅनॉल ट्रस्टमार्फत रात्री राहायला भाड्याने मिळतात. काहींत वीज-पाणी नाही, हे बुक करताना नीट बघा. पण मुलीला एक रात्र त्यात काढायला मिळाली तर बाकीची ट्रिप विसरेल आणि तेवढंच लक्षात ठेवेल.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे या कॅनॉलवर लेव्हल वॉकर नावाची माणसं होती. रोज ठरलेला पट्टा चालायचा, भरावाला कुठे पाझर लागलाय का बघायचं, मस्करॅट म्हणजे पाण्यातली एक प्रकारची घूस, तिने बीळ पाडलंय का बघायचं, आणि बीळ छोटं असतानाच बुजवायचं. मस्करॅट मारला की कंपनी बक्षीस द्यायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, अरे हा तर आपला पाटकरी! खांद्यावर फावडं टाकून कॅनॉलच्या कडेने चालणारा, कुणी चोरून दार उचललंय का बघणारा. मातीचा भराव जगात कुठेही असो, त्याचं दुखणं एकच. पुण्यात २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा घुशी आणि खेकड्यांवर किती विनोद झाले, पण बिळातून भराव फुटतो हे काही खोटं नाही. सी अँड ओ मात्र शेवटी घुशीने नाही, नदीने मारला. १८८९ च्या पुराने कंपनीचं दिवाळं निघालं, कारभार त्याच बी अँड ओ रेल्वेच्या हातात गेला आणि १९२४ च्या पुरानंतर बोटी परत सुरू झाल्याच नाहीत.

नंतर तिथे मोटारींचा रस्ता करायचा घाट घातला होता. १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने त्या रस्त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला, तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी संपादकांना सांगितलं की आधी माझ्याबरोबर हा कॅनॉल चालून बघा आणि मग बोला. आठ दिवसांत ते १८० च्या वर मैल चालले, शेवटपर्यंत टिकले ते डग्लस धरून फक्त नऊ जण. पेपरने मत बदललं. १९७१ मध्ये तो नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झाला. तुम्हाला गाडी भेटणार नाही त्याचं कारण हे चालणं आहे, म्हणून सांगितलं.

पुराचं यासाठी सांगितलं की टोपाथ नदीला अगदी खेटून आहे. कंबरलंडकडून खाली येताना डाव्या हाताला कॅनॉल, बऱ्याच ठिकाणी कोरडा आणि आत चक्क झाडं वाढलेली, आणि उजव्या हाताला पोटोमॅक नदी. मधे आठ-दहा फूट रुंदीची तुमची वाट. पाऊस पडला की पाणी त्या वाटेवर साचतं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच पट्ट्यांवर नवीन बारीक खडी दाबून टाकली आहे आणि तिथे आता मस्त चालतं, पण जिथे जुनीच माती आहे तिथे दोन चाकोऱ्या, मधे गवत, वर मुळं आलेली आणि पावसानंतर चिखल. गॅपवर पाऊस पडला तर खडी फक्त जड होते, ओल्या रांगोळीवर चालवल्यासारखं वाटतं, वेग कमी होतो, पण सायकल चालत राहते. सी अँड ओवर पाऊस पडला तर सायकल रुतते. हा फरक डोक्यात ठेवूनच दिवस ठरवा.

पहिल्या वेळी मी २८ मिमीचे टायर लावून गेले होते. दुकानदार म्हणाला चालेल. गॅपवर खरंच चाललं. मग हँकॉकच्या पुढे रात्रभर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी ११ मैलांना मला साडेतीन तास लागले. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधे इतका घट्ट बसला की चाक फिरेना, दर पाव मैलाला काडीने उकरून काढायचा आणि परत ढकलायचं. संध्याकाळी मोटेलच्या मागे पाइपने सायकल धुतली तेव्हा ब्रेकचे रबर जवळजवळ संपलेले होते, मातीतल्या वाळूने दोन दिवसांत खाल्ले. चूक माझीच, हवामान बघून एक दिवस थांबायला काय झालं होतं, पण पाच दिवसांत संपवायचं म्हणून ठरवलं होतं ना.

तर टायर. ३८ ते ४५ मिमी, बारीक नक्षीचे. तुमच्या हायब्रिडला बहुतेक ३५ किंवा ३८ बसत असतील, ते चालतील. ३२ असतील तर गॅपपुरते ठीक. टायरवर जास्तीत जास्त हवेचा जो आकडा लिहिलेला असतो तेवढी हवा भरू नका, खडीवर टणक टायर उड्या मारतो आणि तो दणका तुमच्या मनगटात येतो. ४० चा टायर असेल, सामान कॅरिअरला असेल तर ४०-४५ पीएसआय पुरे, मुलीच्या सायकलला त्याहून कमी. मडगार्ड लावा पण टायर आणि मडगार्डमधे बोटभर जागा राहिली पाहिजे. जास्तीचे ब्रेक पॅड, दोन ट्यूब, पंप, साखळीचं तेल आणि साखळी पुसायला जुनं बनियन. तेल रोज संध्याकाळी. खडीची पूड साखळीत बसून करकर वाजते तो आवाज दिवसभर ऐकला की माणूस चिडचिडा होतो, बरोबरच्यांवर निघतं. घंटी हवीच, ती सी अँड ओवर नियमातच आहे, आणि ताशी १५ मैलांच्या वर जायचं नाही असाही नियम आहे, तो तुम्ही मोडण्याची शक्यता मला दिसत नाही. रोड बाइकचं म्हणाल तर तिच्यात रुंद टायर बसतच नाही. तिसरी सायकल भाड्याने घ्या, पण घेताना एक चक्कर मारून बघा, मला एकदा अशी मिळाली होती की सीटचा नटच सरकायचा आणि दर तासाला सीट आपोआप खाली.

दिशा. पिट्सबर्गकडून निघा. गॅपचा सगळ्यात उंच बिंदू ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नद्यांचं पाणी जिथून वेगवेगळ्या दिशांना जातं ती डोंगरधार, २३९२ फूट, आणि तो कंबरलंडपासून फक्त २४ मैलांवर आहे. म्हणजे पिट्सबर्गकडून आलात तर तो चढ सव्वाशे मैलांत पसरलेला असतो, कळतसुद्धा नाही, आणि मग शेवटचे २४ मैल सतत उतार. उलटं आलात तर ते २४ मैल तासन्तास चढायचे. चढ दीड टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे घाट म्हणवत नाही, पण मघाशी म्हटलं तसं खडीवर न संपणारा. मी एकदा केलं, दुसऱ्यांदा करणार नाही. शिवाय पिट्सबर्गकडून पहिले दिवस चांगल्या रस्त्यावर जातात, अंगाला सवय होते आणि मग खडबडीत भाग येतो.

दिवस आठ धरा. पहिला पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन, ३६ मैल, यातले सुरुवातीचे शहराच्या कडेचे, जुन्या पोलाद कारखान्यांच्या बाजूने, डांबरी. दुसरा ओहायोपाइलपर्यंत ४२, हा दिवस नदीचा, नदीचं नाव योकागेनी, स्पेलिंग बघून घाबरू नका, लोक नुसतं यॉक म्हणतात. तिसरा मुद्दाम छोटा ठेवा, रॉकवूडपर्यंत २८, सकाळी ओहायोपाइलचा धबधबा बघा, नदीत राफ्ट चालतात ते बघा. चौथा रॉकवूड ते कंबरलंड ४४, आणि हा अख्ख्या ट्रिपमधला राजा दिवस आहे. मायर्सडेलच्या अलीकडे सॅलिसबरीचा पूल, १९०० फूट लांब, खाली दरीत शेतं आणि हायवे, मग डिव्हाइड, लगेच बिग सॅव्हेज नावाचा ३३०० फुटांचा बोगदा, आत दिवे आहेत पण थंडगार, आणि बाहेर आलात की एकदम समोर मेरीलँडचे डोंगर उलगडतात. तिथे मी दर वेळी थांबते. हा बोगदा हिवाळ्यात बंद असतो, डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत धरून चाला. खाली उतरताना फ्रॉस्टबर्गच्या पुढे शेजारून पर्यटकांची आगगाडी जाते.

पाचवा दिवस कंबरलंड ते लिटल ऑर्लिन्स ४४, सहावा विल्यम्सपोर्टपर्यंत ४१, सातवा हार्पर्स फेरीपर्यंत ३९, आठवा जॉर्जटाउन ६१. शेवटचा लांब आहे, तो पॉइंट ऑफ रॉक्सच्या पुढे कुठेतरी तोडून नववा दिवस केला तर मी तरी तुम्हाला हसणार नाही.

पाचवा आणि सहावा दिवस सगळ्यात सुनसान. कंबरलंड ते हँकॉक ६० मैल, यात खायला मिळेलच असं धरून चालू नका, मोबाइलही बराच वेळ मुका असतो. जेवण बरोबर हवं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तुपाचे लाडू आणि उपम्याचं भाजलेलं पीठ नेतो, गरम पाणी ओतलं की झालं. कॅम्पसाइट दर पाच-सात मैलांवर आहेत, फुकट, बुकिंग नाही, आधी येईल त्याची जागा, एक रात्र. टेबल, शेकोटीची जागा, पोर्टेबल टॉयलेट आणि पाण्याचा हातपंप. पाणी आयोडिन घातलेलं असतं, पिवळसर दिसतं, दवाखान्यासारखी चव लागते, लिंबू सरबताची पूड टाकली की मुलं पितात. पण पंपावर आंधळा विश्वास नको. हिवाळ्यात दांडे काढून ठेवतात, आणि पाण्याची तपासणी नीट आली नाही तर भर उन्हाळ्यातसुद्धा काढतात. मला एकदा सलग दोन पंप बिनदांड्याचे मिळाले, जुलै महिना, बाटलीत चार घोट. त्यानंतर मी दोन पंपांपुरतं पाणी कायम जास्तीचं ठेवते आणि एक छोटा फिल्टर.

पाचव्या दिवशीच पॉ पॉ बोगदा येतो, ३११८ फूट, आत ६० लाख विटा. दोन वर्षांत होईल म्हणून १८३६ मध्ये सुरू केला आणि १४ वर्षं लागली, मधे पैसे संपले, मजुरांच्या मारामाऱ्या झाल्या. आत दिवे नाहीत, वाट अरुंद आणि ओबडधोबड, एका बाजूला कठडा आणि कठड्याखाली काळं पाणी. सायकलवरून उतरा, ढकलत चला, डोक्याला टॉर्च लावा. कठड्यावरून हात फिरवा, लाकडाला खाचा लागतील, बोटीच्या दोऱ्या घासून पडलेल्या. मला वाटतं मुलीला कॅनॉलचा इतिहास सांगायचा असेल तर तेवढं पुरे. इथे दरडी पडतात म्हणून अधूनमधून बोगदा बंद करून डोंगरावरून वळवतात, तेव्हा निघायच्या आधी पार्कच्या सूचना बघून घ्या.

आणि पॉ पॉ हे फळाचं नाव आहे. सप्टेंबरमध्ये आलात तर टोपाथच्या कडेला लांबट मोठ्या पानांची झाडं दिसतील, खाली हिरवी-पिवळी मऊ फळं पडलेली. हे आपल्या सीताफळाच्याच कुळातलं. आतला गर पिवळा, केळं आणि आंबा कालवल्यासारखा, मोठ्या चपट्या बिया. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा खाली बसून चार खाल्ली. साल आणि बी खाऊ नका, आणि एका बैठकीत फार खाऊ नका, पुढे टॉयलेट पाच मैलांवर असतं.

महिना म्हणाल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य, किंवा मग मे. जुलै-ऑगस्टला नदीकाठी हवा हलत नाही आणि डास तुम्हाला उचलून नेतील. ऑक्टोबरात रंग सुंदर पण पानांखाली खड्डे आणि अक्रोडासारखी टणक फळं लपलेली असतात, त्यावरून चाक सटकतं. शाळेचं म्हणाल तर आठ दिवस रजा पडेल, ते तुम्ही आणि शाळा बघा.

सापाला फार घाबरू नका. काळा लांब रॅट स्नेक वाटेत आडवा पडलेला असतो, बिनविषारी, थांबलात की आपण होऊन जातो. कॉपरहेड विषारी आहे पण तो तुमच्या मागे येत नाही, लाकडाच्या ढिगात हात घालू नका म्हणजे झालं. खरी काळजी दोनच, पॉयझन आयव्ही, तीन-तीन पानांचा वेल, कडेला जाऊन बसण्याआधी खाली बघा, आणि टिक्स, आपली गोचीड, पण खसखशीएवढी. लाइम रोग तिच्यामुळे होतो. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासायचं, एकमेकांचं. हे टाळू नका.

सातव्या दिवशी विल्यम्सपोर्टच्या खाली बिग स्लॅकवॉटर लागतं. तिथे कडा इतका नदीला टेकलेला आहे की कॅनॉल खोदताच आला नाही, बोटी चक्क नदीत उतरायच्या. वाट काँक्रीटची, कड्याला चिकटून, पाण्याच्या अगदी वरून, २०१२ मध्ये नव्याने केली. त्याआधी गाड्यांच्या रस्त्याने वळसा घालावा लागायचा. हार्पर्स फेरीला गावात जायला रेल्वेपुलाला जोडलेली पायवाट आहे आणि तिथवर चढायला लोखंडी जिना. सामानासकट सायकल उचलायची आहे, तेव्हा पॅनिअर म्हणजे कॅरिअरला अडकवलेल्या पिशव्या काढून दोन खेपा करा, एका खेपेत करायला जाऊन कंबर धरू नका. मोनोकसी नदीवरून कॅनॉल नेणारा सात कमानींचा दगडी जलसेतू आठव्या दिवशी, तिथे डबा खा. शेवटचे १५ मैल, ग्रेट फॉल्सपासून पुढे, रविवारी प्रचंड गर्दी असते, कुत्री, बाबागाड्या, तेव्हा तो दिवस आठवड्याच्या मधला येईल असं बघा.

पिट्सबर्गला जायचं कसं, तर मोटार वॉशिंग्टनला ठेवून अ‍ॅमट्रॅकने. या रेल्वेत सायकलचं वेगळं रिझर्व्हेशन लागतं आणि जागा मोजक्या असतात, तिघांना एकत्र हव्यात तर बरंच आधी करा. रेल्वे मध्यरात्रीच्या सुमाराला पोचते, तेव्हा पहिल्या रात्रीचं हॉटेल स्टेशनजवळचं घ्या.

हे सगळं वाचून जड वाटलं असेल तर अर्धंच करा ना. रॉकवूडपर्यंत शटल व्हॅनने जा, तिथून कंबरलंडला उतरा, दोन दिवस, बोगदे-पूल सगळं बघून होतं आणि पोरगी खूश. बाकीचं पुढच्या वर्षी.

आता पुण्याकडचं. मला सांगायला आवडलं असतं, पण असं काही आखलेलं नाहीये. कॅनॉलच्या कडेचे रस्ते आहेत, नीरेचे दोन्ही कॅनॉल आहेत, मुठेचा आहे, पण ते पाटबंधारे खात्याचे देखभालीचे रस्ते, बऱ्याच ठिकाणी प्रवेशबंदीच्या पाट्या आहेत. मोटरसायकली सर्रास, गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, वेड्या बाभळीचे काटे असे की दहा किलोमीटरला एक पंक्चर धरा. पण मला खरी भीती वेगळीच वाटते. आमच्या लहानपणी भराव मातीचा होता, पाण्यात पडलं तर गवत धरून वर यायचो. आता जिथे काँक्रीटचं अस्तर आहे तिथे आवर्तन म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी सुटलेली असताना माणूस आत पडला की धरायला काही नसतं, बाजू गुळगुळीत आणि पाण्याला ओढ. कठडा नाही. मी स्वतः गावी गेले की पहाटे जाते, भरावाच्या शेताकडच्या कडेने, एकटी नाही, आणि आधी पाटकऱ्याला विचारते की पाणी सुटलंय का. मुलीला घेऊन जा असं मी सांगणार नाही.

अजून एक राहिलं. जॉर्जटाउनला पोचलात की बहुतेक लोक गर्दीच्या रस्त्यावर येऊन संपलं म्हणून फोटो काढतात. शून्य मैलाचा दगड तिथे नाही. तो खाली नदीवर, बोट क्लबच्या मागे, कॅनॉल पोटोमॅकला मिळतो तिथल्या शेवटच्या लॉकपाशी आहे, विचारत विचारत जावं लागतं, पहिल्या वेळी मला तो सापडलाच नव्हता. तारखा ठरल्या की कळवा, पॉइंट ऑफ रॉक्सपासून आमचं घर गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे, सातव्या दिवशी हार्पर्स फेरीला न थांबता १२ मैल पुढे या म्हणजे शेवटचा दिवस ४८ वर येईल, मी मागे सायकलचं कॅरिअर लावून घ्यायला येते. पिठलं-भात असेल. सायकली अंगणात पाइपने धुवायच्या, आत आणायच्या नाहीत.